डीएनएस सर्व्हरवरील फाईलींची मालकी : तत्त्व, मांडणी आणि पडताळणी

सारांश :
इंटरनेटवरील नावाचे अंकात्मक पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था प्रत्यक्षात काही साध्या फाईलींवर उभी असते. या फाईलींची मालकी कोणाकडे असावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि, मालकी चुकल्यास एक तर सर्व्हरवरील नोंदी परक्या हाती जातात, नाहीतर सर्व्हर स्वतःचेच काम करू शकत नाही. प्रस्तुत लेखात बाइंड या आज्ञावलीच्या संदर्भात फाईलींच्या मालकीचे तत्त्व, तिची योग्य मांडणी, नेहमी घडणाऱ्या चुका आणि पडताळणीची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डीएनएस, बाइंड, फाईलची मालकी, परवानगी, झोन फाईल, किमान अधिकाराचे तत्त्व.

१. प्रस्तावना

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक संगणकाला अंकांनी बनलेला पत्ता असतो. माणसाला मात्र अंकांपेक्षा नाव लक्षात ठेवणे सोपे जाते. अर्पानेटच्या काळात ही नावे आणि पत्ते एकाच फाईलीत लिहिलेले असत. ती फाईल अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे सांभाळली जाई व इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस या विकेंद्रित व्यवस्थेची रचना मांडली. १९८७ मध्ये आरएफसी १०३४ आणि आरएफसी १०३५ या दस्तऐवजांनी तिला जे स्वरूप दिले, तोच आजच्या व्यवस्थेचा पाया आहे.

या व्यवस्थेसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात १९८० च्या दशकात 'बाइंड' ही आज्ञावली तयार झाली. आज तिची देखभाल इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही संस्था करते. बाइंडमधील जी प्रक्रिया पार्श्वभूमीवर सतत चालू राहून प्रश्नांना उत्तरे देते, तिला 'नेमडी' असे म्हणतात. पुढील संपूर्ण विवेचन लिनक्स प्रणालीवरील नेमडीच्या संदर्भात आहे.

संस्थेचे संकेतस्थळ, ई-मेल, प्रवेश-अर्ज, ग्रंथालयाची तालिका अशा सर्व सेवांकडे जाणारी वाट डीएनएसमधून जाते. त्यामुळे नेमडीच्या फाईलींवर कोणाचा अधिकार आहे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा उरत नाही. संस्थेच्या नावाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल की नाही, हे त्यावर अवलंबून असते.

२. मालकी आणि परवानगी : मूलभूत संकल्पना

युनिक्स परंपरेतील प्रत्येक प्रणालीत फाईलीला एक मालक आणि एक गट असतो. मालक, गटाचे सदस्य आणि इतर सर्व अशा तीन वर्गांसाठी वाचन, लेखन व अंमल अशा तीन परवानग्या स्वतंत्रपणे ठरवता येतात. वाचनाला ४, लेखनाला २ आणि अंमलाला १ असे मूल्य दिलेले असते. ६४० ही परवानगी याच हिशेबाने वाचावयाची असते. मालकाला वाचन व लेखन (४ + २), गटाला केवळ वाचन (४) आणि इतरांना काहीही नाही (०), असा तिचा अर्थ होतो. मालक बदलण्यासाठी 'सीएच-ओन' आणि परवानगी बदलण्यासाठी 'सीएच-मॉड' या आज्ञा वापरल्या जातात.

या संदर्भात चार बाबी विशेषत्वाने लक्षात घेणे आवश्यक आहे.

१) मालकाला स्वतःच्या फाईलीची परवानगी कधीही बदलता येते. त्यामुळे एखादी फाईल नेमडीच्या मालकीची ठेवून तिच्यावर केवळ वाचनाची परवानगी दिली, तर तो खरा अटकाव ठरत नाही. नेमडीचा ताबा ज्याच्याकडे गेला तो ही परवानगी क्षणात बदलू शकतो. जेथे लेखन नको आहे, तेथे मालकीच नसावी.

२) डिरेक्टरीवरील लेखनाच्या परवानगीचा अर्थ वेगळा आहे. त्या परवानगीने डिरेक्टरीत नवी फाईल तयार करता येते, असलेली फाईल काढता येते आणि तिचे नाव बदलता येते. फाईल सुरक्षित आणि तिची डिरेक्टरी मात्र मोकळी असेल, तर मूळ फाईल हटवून त्याच नावाची दुसरी फाईल तेथे ठेवणे शक्य होते.

३) प्रणाली मालकाचे नाव साठवत नाही, क्रमांक साठवते. नाव आणि क्रमांक यांची जोड वापरकर्त्यांच्या यादीत असते. एका संगणकावरील डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तेथे तो क्रमांक अन्य वापरकर्त्याचा असला, तर फाईलींचा मालकही बदललेला दिसतो.

४) रूट हा सर्वाधिकारी वापरकर्ता या सर्व परवानग्यांच्या पलीकडे असतो. सर्वसाधारण स्थितीत तो कोणतीही फाईल वाचू व लिहू शकतो. या बाबीचे महत्त्व पडताळणीच्या वेळी स्पष्ट होईल.

३. नेमडीला स्वतंत्र वापरकर्ता का हवा?

डीएनएसची सेवा ५३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. युनिक्स परंपरेनुसार १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्याचा अधिकार रूटकडे असतो. म्हणून नेमडीची सुरुवात रूटच्या अधिकाराने होते. पूर्वी अनेक ठिकाणी ती पुढेही रूट म्हणूनच चालू राहत असे. याचे परिणाम २००१ मध्ये ठळकपणे दिसून आले.

जानेवारी २००१ मध्ये बाइंडच्या आठव्या आवृत्तीतील एक गंभीर दोष जाहीर झाला. संदेशाची सत्यता तपासणाऱ्या टीसिग या सुविधेच्या हाताळणीत तो दोष होता. त्याचा उपयोग करून बाहेरची व्यक्ती नेमडीच्या अधिकाराने स्वतःच्या आज्ञा चालवू शकत असे. त्याच वर्षी मार्चमध्ये 'लायन' नावाचा वर्म याच दोषाच्या आधारे लिनक्स सर्व्हरवर पसरला. तो सर्व्हरवरील पासवर्डच्या फाईली ई-मेलने बाहेर पाठवी आणि पुन्हा प्रवेश करता यावा म्हणून मागचे दार उघडे ठेवी. पासवर्डची गुप्त फाईल सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही. तरीही ती बाहेर गेली, कारण नेमडी रूट म्हणून चालत होती. दोष एका सेवेत होता, पण गमावला गेला संपूर्ण संगणक.

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले होते. प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कामापुरताच अधिकार असावा, असा त्याचा आशय आहे. बाइंडमध्ये हे तत्त्व 'यू' या पर्यायाने अमलात येते. या पर्यायाने नेमडी रूट म्हणून सुरू होते, आवश्यक ते अधिकार राखून रूटपण सोडते आणि ठरवून दिलेल्या सामान्य वापरकर्त्याच्या नावाने पुढील काम करते. रेड हॅट परिवारातील प्रणालींत या वापरकर्त्याचे नाव 'नेमडी', तर डेबियन परिवारात 'बाइंड' असे असते. फाईलींच्या मालकीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो. नेमडी रूट असताना तिला कोणतीच फाईल अडवत नव्हती. रूटपण सोडल्यावर कोणती फाईल तिला वाचता यावी आणि कोणती लिहिता यावी, हे विचारपूर्वक ठरवावे लागते.

४. मालकीचे मुख्य तत्त्व

परीक्षा विभागाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. खिडकीवर बसलेला लिपिक विद्यार्थ्याला त्याचे गुण वाचून सांगतो. त्यासाठी गुणनोंदवही त्याला पाहता आली पाहिजे, परंतु तीत खाडाखोड करण्याचा अधिकार त्याला नसतो. त्याच वेळी आलेल्या अर्जांची आवक नोंदवही त्याने स्वतः लिहावयाची असते. ती त्याच्यापासून कुलूपबंद ठेवली तर खिडकीचे काम थांबेल.

नेमडीची स्थिती अशीच आहे. ज्या फाईली ती केवळ वाचून सांगते, त्यांची मालकी तिच्याकडे नसावी. ज्या फाईली तिने स्वतः लिहावयाच्या आहेत, त्या ठेवण्यासाठी तिला लेखनाधिकार असलेली वेगळी डिरेक्टरी असावी. पुढील सर्व नियम या एका तत्त्वातून निघतात.

५. फाईलींचे चार वर्ग आणि त्यांची मालकी

(अ) रचनेच्या फाईली : नेमडी कोणत्या झोनची उत्तरे देणार, कोणाला देणार, दुय्यम सर्व्हर कोणते, हे सांगणारी मुख्य रचना-फाईल या वर्गात येते. तिचा मालक रूट, गट नेमडीचा आणि परवानगी ६४० असावी. नेमडी गटाच्या नात्याने ती वाचते, पण बदलू शकत नाही. डेबियनमध्ये मुख्य रचना-फाईल सर्वांना वाचता येते. असे असल्यास गुप्त किल्ली त्या फाईलीत न लिहिता स्वतंत्र फाईलीत ठेवणे श्रेयस्कर.

(आ) हाताने लिहिलेल्या झोन फाईली : प्राथमिक सर्व्हरवर व्यवस्थापक स्वतः ज्या झोन फाईली संपादित करतो, त्यांनाही हाच नियम लागू होतो. मालक रूट, गट नेमडीचा, परवानगी ६४०. नेमडीत पुढेमागे दोष निघाला, तरी डिस्कवरील मूळ नोंदी त्यामुळे बदलता येत नाहीत. घुसखोराने चालू प्रक्रियेच्या स्मृतीत खोटी उत्तरे पेरली, तरी सदोष आवृत्ती बदलून सेवा पुन्हा सुरू केल्यावर या फाईलींतील खऱ्या नोंदी पुन्हा वाचल्या जातात.

(इ) नेमडीने स्वतः लिहावयाच्या फाईली : दुय्यम सर्व्हरवर उतरवलेल्या झोनच्या प्रती, चालू असताना आपोआप बदलणारे गतिशील झोन व त्यांच्या जर्नल फाईली, आकडेवारी आणि नोंदवहीच्या फाईली या वर्गात येतात. रेड हॅट परिवारात यासाठी 'व्हार'मधील 'नेमडी' डिरेक्टरीखाली 'स्लेव्ह्ज', 'डायनॅमिक' आणि 'डेटा' या उपडिरेक्टऱ्या नेमडीच्या मालकीच्या असतात. डेबियनमध्ये 'व्हार'मधील 'कॅश' आणि 'लिब' यांच्याखाली 'बाइंड' नावाच्या डिरेक्टऱ्या असतात. त्यांचा मालक रूट असला तरी बाइंड गटाला तेथे लेखनाची परवानगी असते. मार्ग निराळे असले तरी तत्त्व एकच आहे.

(ई) किल्ल्यांच्या फाईली : नेमडीला दुरून आज्ञा देण्याची किल्ली, टीसिगची सामायिक किल्ली आणि डीएनएससेकची खासगी किल्ली या तिन्ही गुप्त असतात. 'इतर' या वर्गाला त्यांवर कोणतीही परवानगी नसावी. नेमडीला मात्र त्या वाचता आल्याच पाहिजेत. डीएनएससेकची किल्ली व्यवस्थापकाने रूट म्हणून तयार केली, तर खासगी फाईल केवळ रूटला वाचता येते. परिणामी नेमडीला झोनवर नवी स्वाक्षरी करता येत नाही. जुन्या स्वाक्षऱ्यांची मुदत संपेपर्यंत सर्व सुरळीत दिसते आणि मुदत संपताच स्वाक्षरी तपासणारे सर्व्हर संपूर्ण डोमेन अमान्य ठरवतात. बाइंडच्या अंगभूत स्वाक्षरी-धोरणात ही मुदत १४ दिवसांची आहे. नेमडी स्वतःच किल्ल्या तयार करत असेल, तर किल्ल्यांच्या डिरेक्टरीवर तिला लेखनाधिकार द्यावा लागतो.

६. वारंवार घडणाऱ्या चुका

(अ) सरसकट मालकी : परवानगी नाकारल्याची सूचना दिसताच सर्व डिरेक्टऱ्यांची मालकी खालपर्यंत नेमडीच्या नावे करून टाकणे, हा सर्वांत प्रचलित उपाय आहे. सूचना लगेच नाहीशी होते, म्हणून तो बरोबर वाटतो. प्रत्यक्षात वाचावयाचे आणि लिहावयाचे यांतील भेद त्यामुळे पुसला जातो. वाचन, लेखन व अंमल सर्वांना मोकळे करणारी ७७७ ही परवानगी तर याहून घातक आहे. तिच्यामुळे संगणकावरील कोणताही वापरकर्ता झोनमधील नोंद बदलू शकतो.

(आ) फाईल दिली, डिरेक्टरी दिली नाही : दुय्यम सर्व्हर नवी प्रत उतरवताना जुन्या फाईलीवर थेट लिहीत नाही. तो प्रथम त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाईल तयार करतो आणि लेखन पूर्ण झाल्यावर तिला मूळ नाव देतो. अर्धवट लिहिलेली फाईल मागे राहू नये, हा त्यामागील हेतू आहे. म्हणून केवळ फाईलीची मालकी देऊन भागत नाही, डिरेक्टरीवरही लेखनाधिकार लागतो. गतिशील झोनच्या जर्नल फाईलीबाबतही हेच घडते. वेगळी सूचना दिली नसल्यास ती झोन फाईलीच्याच डिरेक्टरीत तयार होते.

(इ) गप्प राहणारे अपयश : वरील चूक झाल्यास दुय्यम सर्व्हर लगेच बंद पडत नाही, ही खरी अडचण आहे. उतरवलेला झोन संगणकाच्या स्मृतीत असतो आणि तेथून उत्तरे मिळत राहतात. डिस्कवर प्रत न झाल्याची सूचना नोंदवहीत उमटते, पण सेवा चालू असल्याने ती पाहण्याचे कारण पडत नाही. पुढे एखाद्या दिवशी वीज जाते, प्राथमिक सर्व्हर बिघडतो आणि दुय्यम सर्व्हर तेवढा पुन्हा सुरू होतो. त्या वेळी त्याच्या डिस्कवर प्रत नसते आणि प्रत मागावी तर प्राथमिक सर्व्हरही नसतो. ज्या प्रसंगासाठी दुय्यम सर्व्हर उभारला, नेमक्या त्याच प्रसंगी तो निरुपयोगी ठरतो.

(ई) संपादनामुळे बदललेली मालकी : काही संपादक-आज्ञावली फाईल जतन करताना जुनी फाईल बाजूला सारून नवी तयार करतात. रूटने असे संपादन केल्यास मालक, गट किंवा परवानगी बदलू शकते. बॅकअपमधून फाईली परत आणतानाही हा धोका असतो. याशिवाय गतिशील झोनची फाईल सेवा चालू असताना हाताने संपादित करू नये. प्रथम 'फ्रीझ' आज्ञेने बदल थांबवावेत, संपादन करावे, मालकी तपासावी आणि नंतर 'थॉ' आज्ञेने झोन पूर्ववत करावा.

७. पडताळणीची पद्धत

बाइंडसोबत रचना-फाईल आणि झोन फाईल तपासणाऱ्या स्वतंत्र आज्ञा मिळतात. व्यवस्थापक त्या बहुधा रूट म्हणून चालवतो आणि दोष नसल्याचे उत्तर मिळाल्यावर निश्चिंत होतो. परंतु रूटला सर्व फाईली वाचता येतात. त्यामुळे या तपासणीने फाईलीतील मजकुराचे व्याकरण सिद्ध होते, तिची मालकी सिद्ध होत नाही. म्हणून पुढील क्रम अवलंबावा.

१) चालू असलेली नेमडी कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने काम करीत आहे, हे प्रक्रियांच्या यादीत पाहावे. ती रूट असल्याचे आढळल्यास प्रथम ते दुरुस्त करावे.

२) 'सुडू' आज्ञेच्या साहाय्याने त्याच वापरकर्त्याच्या नावाने प्रत्येक झोन फाईल वाचून पाहावी.

३) त्याच वापरकर्त्याच्या नावाने दुय्यम झोनच्या डिरेक्टरीत एक रिकामी फाईल तयार करून काढून टाकावी. हे जमले पाहिजे. हीच कृती हाताने लिहिलेल्या झोन फाईलींच्या डिरेक्टरीत करून पाहावी. तेथे ती जमता कामा नये. दोन्ही वर्गांच्या फाईली एकाच डिरेक्टरीत असल्यास त्या आधी वेगळ्या कराव्यात.

४) फाईलीपर्यंतच्या मार्गातील प्रत्येक डिरेक्टरीवर नेमडीला अंमलाची परवानगी आहे का, हे पाहावे. एकाही पायरीवर ती नसल्यास पुढील योग्य परवानग्या निष्फळ ठरतात.

५) सेवा पुन्हा सुरू करून नोंदवही वाचावी. दुय्यम सर्व्हरवर प्रत्येक झोनची प्रत डिस्कवर उमटली आहे आणि तिची वेळ ताजी आहे, याची खात्री करावी.

सर्व परवानग्या योग्य असूनही लेखन नाकारले जात असेल, तर रेड हॅट परिवारातील एसईलिनक्स किंवा डेबियन परिवारातील ॲपआर्मर या दुसऱ्या संरक्षक थराचा विचार करावा. डेबियनमधील ॲपआर्मरच्या नियमांनुसार नेमडीला रचनेच्या डिरेक्टरीत लिहिता येत नाही. अशा वेळी हा थर बंद करणे, हा उपाय नव्हे. लिहावयाची फाईल तिच्यासाठी नेमलेल्या डिरेक्टरीत हलवणे, हा उपाय आहे. येथेही पुन्हा तेच तत्त्व प्रत्ययाला येते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. नेमडीला रूटपेक्षा वेगळा, कमी अधिकाराचा वापरकर्ता असावा. रचनेच्या आणि हाताने लिहिलेल्या झोनच्या फाईली रूटच्या मालकीच्या असाव्यात व नेमडीने त्या केवळ गटाच्या नात्याने वाचाव्यात. नेमडीने लिहावयाच्या फाईलींसाठी स्वतंत्र डिरेक्टरी असावी आणि लेखनाधिकार त्या डिरेक्टरीपुरताच असावा. पडताळणी नेहमी नेमडीच्या भूमिकेतून करावी, रूटच्या नव्हे.

अनेक महाविद्यालयांत सर्व्हरची देखभाल अध्यापनाच्या जोडीने केली जाते आणि व्यवस्थापक बदलत राहतात. एकाने घाईत दिलेली सरसकट मालकी पुढील अनेक वर्षे तशीच राहू शकते. म्हणून कोणती डिरेक्टरी कोणाच्या मालकीची आणि का, याची एक पानाची टिपणी सर्व्हरसोबत ठेवावी. वरील पाच पायऱ्यांची तपासणी अर्ध्या तासाहून फारसा अधिक वेळ घेत नाही. प्रवेशप्रक्रियेच्या ऐन दिवसांत संस्थेचे नावच इंटरनेटवर सापडेनासे होण्यापेक्षा, सत्राच्या आरंभी दिलेला हा अर्धा तास केव्हाही परवडणारा आहे.